अर्धा लिटर, पाच माणसं

सरकारी हिशेबाप्रमाणे 2023-24 साली देशात माणशी रोज 471 ग्रॅम दूध उपलब्ध होतं. तान्ह्या बाळापासून अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला जवळजवळ अर्धा लिटर. जालना जिल्ह्यातल्या मंठ्याला सकाळी एखाद्या किराणा दुकानासमोर थांबलं की अर्धा लिटर दिसतं खरं, पण ते माणशी नसतं. ती एक पिशवी असते आणि ती चार-पाच माणसांच्या घरात जाते. तिच्यातून सकाळचा चहा, दुपारचा चहा आणि आल्यागेल्याचा चहा निघतो. उरलंच तर धाकट्याच्या पेल्याचा तळ झाकण्यापुरतं दूध.

यंदाच्या अंकासाठी ‘बदलतं ताट’ हा विषय ठरला, तेव्हा दुधासाठी कोल्हापूर किंवा संगमनेर गाठणं सोपं होतं. तिथे दुधाची गोष्ट सांगायला माणसं उत्सुक असतात, कारण ती यशाची गोष्ट आहे. मंठा त्या गोष्टीच्या कडेला राहिलेला तालुका. जालन्याहून वाटूर फाट्यावरून पुढे जिंतूरकडे जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना सोयाबीन, कापूस आणि तूर, उत्तरेला पूर्णा नदी, पलीकडे बुलढाणा जिल्हा आणि लोणारचं सरोवर. रेल्वे इथे आलीच नाही. जवळचं स्टेशन परतूर. दूध देशभर कसं पसरलं हे पाहायचं तर जिथे ते सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात आडवाटेने पोचलं, अशी जागा अधिक सांगून जाते.

माणशी म्हणजे नक्की किती?

आधी त्या आकड्याकडे पाहू. देशात झालेलं सगळं दूध लोकसंख्येने भागलं की ‘माणशी उपलब्धता’ निघते. 1950-51 मध्ये देशाचं उत्पादन 1.7 कोटी टन होतं. 2023-24 मध्ये ते 23.93 कोटी टनांवर गेलं. मधल्या काळात लोकसंख्या चौपट झाली, तरी माणशी आकडा वाढला. ही वाढ सरळ मात्र झाली नाही. साठच्या दशकाअखेर हाच आकडा 112 ग्रॅमपर्यंत खाली आला होता, म्हणजे स्वातंत्र्यानंतरची पहिली वीस वर्षं देश दुधाच्या बाबतीत मागेच सरकत होता.

भागाकार आणि पेला यांत अंतर असतं. 2011-12 साली उपलब्धता 290 ग्रॅम होती. त्याच वर्षी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या लोकांनी घरोघर जाऊन विचारलं, तेव्हा खेड्यात माणशी महिन्याला 4.33 लिटर आणि शहरात 5.42 लिटर दूध वापरलं जातं असं निघालं. खेड्यातल्या माणसाचे दिवसाला 145 मिलीलिटरसुद्धा भरत नाहीत. उरलेलं दूध कुठे गेलं? काही तुपात, खव्यात, मिठाईत, आइस्क्रीममध्ये. काही हॉटेलांत आणि चहाच्या टपऱ्यांवर. काही वासरांच्या पोटात. शिवाय ‘देश’ या शब्दात पंजाब-हरियाणाही आले. महाराष्ट्राचा माणशी आकडा देशाच्या सरासरीपेक्षा बराच खाली आहे, आणि महाराष्ट्रातही कोल्हापूर आणि मंठा एका ओळीत बसत नाहीत.

2022-23 च्या घरखर्चाच्या पाहणीने मोठी बातमी दिली. खेड्यातलं माणूस महिन्याला सरासरी 3,773 रुपये खर्च करत होतं, त्यातले 8.33 टक्के दूध आणि दुधाच्या पदार्थांवर. साधारण 314 रुपये. धान्यावर फक्त 4.91 टक्के. धान्यापेक्षा दुधावर जास्त खर्च! यावर बरेच लेख आले आणि बहुतेकांचा सूर असा की खेडी आता दूध पिऊ लागली. जुने आकडे शेजारी ठेवले की चित्र जरा वेगळं दिसतं. 1999-2000 साली खेड्यातल्या खर्चात दुधाचा वाटा 8.75 टक्के होता. म्हणजे वीस-बावीस वर्षांत तो हललाच नाही, उलट किंचित घटला. खाली आलं ते धान्य: तेव्हा शंभरातले बावीस रुपये धान्यावर जात, आता पाच. त्यात रेशनवर फुकट मिळणाऱ्या गहू-तांदळाचा हात आहेच. दूध जागच्या जागी राहिलं आणि पुढचा गडी मागे पडल्यामुळे ते पुढे दिसू लागलं.

खर्चात वाटा वाढला तो तयार खाण्याचा. बाहेरचा चहा, बिस्किटं, फरसाण, शीतपेयं या खात्यावर त्याच पाहणीत खेड्यात 9.62 टक्के खर्च दिसला, म्हणजे दुधाहूनही जास्त. मंठ्याच्या बसस्थानकाबाहेर जो चहा विकला जातो त्यातलं दूध पाहणीत दूध म्हणून दिसत नाही. ते या खात्यात जाऊन बसतं.

तूप बाजारात, ताक घरात

मंठा आधी परतूर तालुक्यात होतं, परतूर परभणी जिल्ह्यात, आणि 1948 पर्यंत हे सगळं निजामाच्या हैदराबाद संस्थानात. जालना जिल्हा झाला तो 1 मे 1981 ला. त्या आधीच्या काळातल्या दुधाविषयी इथल्या सत्तरी ओलांडलेल्या बायकांना विचारलं, तर त्या दुधाविषयी फारसं बोलत नाहीत. बोलतात ताकाविषयी आणि तुपाविषयी.

याचं कारण साधं आहे. मराठवाड्याच्या उन्हात कच्चं दूध चार-पाच तासांत फाटतं. पक्का रस्ता नाही, बर्फ नाही, गिऱ्हाईक नाही. दुधातला टिकणारा भाग एकच, तो म्हणजे स्निग्धांश. म्हणून सकाळ-संध्याकाळची धार काढायची, दूध चुलीच्या निखाऱ्यावर मंद तापवत ठेवायचं, रात्री विरजण लावायचं, पहाटे रवीने घुसळायचं. लोणी साठवायचं आणि बाजाराच्या आधी कढवायचं. म्हशीच्या चौदा-पंधरा लिटर दुधाचं किलोभर तूप होतं. ते बाजारात जाई. मडक्याच्या तळाला राहिलेली बेरी पोरांना साखर घालून मिळे.

तूप घराबाहेर जाई आणि ताक मागे राही. आजच्या आहारशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर चरबी विकली जाई आणि प्रथिनं गावात राहत. ताकाला किंमत नव्हती, ते विकणं कमीपणाचं मानलं जाई. ज्याच्या दावणीला जनावर नाही असा शेजारी, सालगडी, बलुतेदार यांच्या घरची पोरं सकाळी तांब्या घेऊन येत आणि ताक घेऊन जात. त्यातून ज्वारीच्या कण्या शिजत, आंबील होई, कढी होई. अर्थात हे वाटप जातीच्या उतरंडीला धरून चाले. कोणाला ओसरीवर, कोणाला अंगणाबाहेरून आणि वरून ओतून, हे ठरलेलं असे. जुन्या गावाचे गोडवे गाणारे ते विसरतात. पण त्या ताकाची नोंद कुठल्याही पाहणीत पैशाच्या रूपाने झालेली नाही, आणि ते बंद झाल्याचीही नाही.

तुपाच्या पैशाची आणखी एक गोष्ट. ते बहुतेक घरांत बाईच्या हातात असत. घुसळणं, कढवणं तिचं, म्हणून बाजारचे चार पैसेही तिचे. मीठ-मिरची, बांगड्या, लेकीच्या घरी जाताना न्यायचं काहीतरी, हे त्यातून होई. पुढे दूध डेअरीला जाऊ लागलं आणि दर दहा दिवसांचं बिल खात्यात जमा होऊ लागलं. खातं बहुधा पुरुषाच्या नावावर. शेणगोठा मात्र तिच्याकडेच राहिला.

जिथे जनावरं जास्त आणि रस्ता वाईट, तिथे आणखी एक उपाय निघाला. धाराशिव जिल्ह्यातल्या भूम आणि कुंथलगिरीच्या बाजूला दूध आटवून खवा करतात. पाच लिटर म्हशीच्या दुधाचा किलोभर. दुधातलं पाणी भट्टीवर जाळून टाकलं की उरलेलं टोपलीत बसतं आणि शहरात पोचतं. मंठ्याकडे तो धंदा तसा उभा राहिला नाही. इथे तूप आणि ताकच चालत राहिलं, सत्तरच्या दशकापर्यंत. 1972 च्या दुष्काळात दावणी रिकाम्या झाल्या. त्या वर्षाची आठवण निघाली की इथली माणसं सुकडी आणि लाल मिलोचं नाव घेतात. दूध तर सोडाच, ताकाचंही नाव त्यात नसतं.

मुंबईची तहान आणि आणंदचं उत्तर

त्याच काळात देशाचं दूध दुसरीकडून हलत होतं. मुंबई शहरातले म्हशींचे गोठे हलवून दारा खुरोडी यांनी 1949 मध्ये आरे वसाहत उभी केली. म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि भुकटी मिसळून स्वस्त ‘टोन्ड’ दूध बनवण्याचा उद्योगही त्यांचाच. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात 1946 मध्ये स्थापन झालेला सहकारी संघ 1948 पासून मुंबईला दूध पाठवत होता. म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही, असं परदेशी तज्ज्ञ सांगत असताना एच. एम. दलाया यांनी ती याच संघासाठी आणंदला करून दाखवली. खुरोडी आणि खेडा संघाचे त्रिभुवनदास पटेल व वर्गीस कुरियन यांना 1963 चा मॅगसेसे पुरस्कार एकत्र मिळाला. कुरियन आणि खुरोडी यांचं एकमेकांशी फारसं जमत नसे, त्यामुळे त्या पुरस्काराला एक मिश्कील छटा आहे.

1965 मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ झालं आणि 1970 पासून ‘ऑपरेशन फ्लड’. युरोपातून मदत म्हणून आलेली भुकटी आणि लोण्याचं तेल यांचं दूध करून मोठ्या शहरांत विकायचं, त्या पैशातून खेड्यांत संकलनाची साखळी उभारायची, अशी ती रचना. 1996 पर्यंत ती चालली. 1998 मध्ये भारत अमेरिकेला मागे टाकून दूध उत्पादनात पहिला झाला. 1976 चा ‘मंथन’ आला तो याच चळवळीतून. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घातले, श्याम बेनेगलांनी दिग्दर्शन केलं, पटकथा विजय तेंडुलकरांची आणि पडद्यावर स्मिता पाटील.

या योजनेवर टीका करणारेही होते. गोव्याच्या क्लॉड अल्वारिस यांनी 1983 मध्ये ‘इलस्ट्रेटेड वीकली’त लिहिलेल्या लेखाने खळबळ माजवली. खेड्यातलं दूध शहरात ओढलं जातंय आणि खेड्यातल्या पोराच्या तोंडचं कमी होतंय, हा त्यातला एक मुद्दा. बरीच वर्षं हा वाद ‘ओढलं की दिलं’ असाच चालला. मंठ्यासारख्या गावांबद्दल दोन्ही बाजूंकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, कारण इथून दूध ओढायलाही कोणी आलं नाही.

का आलं नाही, याचं उत्तर पश्चिम महाराष्ट्रात आहे. कोल्हापूरचा ‘गोकुळ’ 1963 चा. आज त्याचं रोजचं संकलन पंधरा लाख लिटरच्या वर. वारणेला तात्यासाहेब कोऱ्यांनी 1968 मध्ये दूध संघ काढला. तिथे कालवा होता, ऊस होता आणि उसाबरोबर जनावराला घालायला वाढं होतं. साखर कारखान्यामुळे रस्ते झाले होते आणि सहकारी संस्था कशी चालवायची याची सवय लागली होती. एका गावात पाचशे लिटर दूध मिळालं की टँकर परवडतो. मराठवाड्यात तेवढ्यासाठी दहा-बारा गावं फिरावी लागतात आणि तोवर दूध आंबायला लागतं. सरकारने उदगीरला भुकटी प्रकल्प काढला, औरंगाबाद-नांदेडला शासकीय दूध योजना चालवल्या. उदगीरची यंत्रं पुढे बंद पडली. औरंगाबादच्या जिल्हा संघाने ‘देवगिरी महानंद’ हे नाव टिकवलं. पण जिंतूर रस्त्यावरच्या गावांच्या रोजच्या जगण्यात यातलं फारसं काही उतरलं नाही.

कडबा गेला

दुधाचा प्रश्न इथे शेतात सुटतो किंवा अडतो. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी या पट्ट्यात खरिपात आणि रब्बीतही ज्वारी असे. ज्वारी म्हणजे भाकरी आणि कडबा एकाच पिकातून. माणसाची आणि जनावराची वर्षाची सोय एका पेरणीत. गंजी किती मोठी आहे यावरून घराची ऐपत ठरे, आणि सोयरीक जमवायला आलेला पाहुणा आधी गंजीकडे नजर टाके.

1964 मध्ये देशातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण आलं. त्याच वर्षी बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्याला ‘महिको’ सुरू केली. ‘हायब्रीड’ने दाणा वाढवला, ताटाची उंची कमी केली. कडबा घटला आणि जनावरंही तो तितक्या चवीने खाईनात. नव्वदनंतर सोयाबीन आलं. त्याला रोख पैसा मिळतो, शंभर दिवसांत रान मोकळं होतं. त्याचं कुटार जनावर खातं, पण त्याने कडब्याची जागा भरून निघत नाही. कापसाचं तर काहीच मिळत नाही. म्हणायला सरकी पेंड मिळते, आणि 2002 नंतर बीटी कापसाने सरकीही भरपूर झाली, पण ती गिरणीतून पोत्यात भरून विकत घ्यावी लागते.

दुसऱ्या बाजूने ट्रॅक्टर आला. बैल हवा म्हणून गाय पाळायची, हे गणित कित्येक पिढ्यांचं. लाल कंधारी आणि देवणी या मराठवाड्याच्या गाई दुधाला मोठ्या नव्हत्या. गोऱ्हा चांगला होतो म्हणून त्यांना मान होता, आणि दूध हा वरचा नफा. बैलाची गरज संपली तशी गायही अडचणीची झाली. 2015 मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हा म्हाताऱ्या जनावराला बाजारात गिऱ्हाईक उरलं नाही. 2019 च्या पशुगणनेत देशी जनावरं 2012 पेक्षा सहा टक्क्यांनी घटलेली आणि संकरित जनावरं सुमारे सत्तावीस टक्क्यांनी वाढलेली दिसली. यात होल्स्टीन आणि जर्सी संकराच्या गाईंचा मोठा वाटा आहे. त्या दूध देतात, पण त्यांना हिरवा चारा, पाणी, सावली आणि वेळेवर डॉक्टर लागतो. 2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा जळाल्या, जालना शहराला प्यायला पाणी नव्हतं. तशा उन्हाळ्यात संकरित गाय कोणी आणि कशावर जगवायची?

त्यानंतर 2022 मध्ये जनावरांचा लंपी त्वचारोग आला. राज्याने जनावरांचे बाजार बंद केले. काहींनी तेव्हा विकायला काढलेली जनावरं पुढे मिळेल त्या भावात दिली, काहींनी नवी घ्यायचा विचार सोडला.

पिशवी येते कुठून

दावण रिकामी झाली आणि चहा वाढत गेला, म्हणून दूध बाहेरून येऊ लागलं. आज मंठ्याच्या दुकानांत ज्या पिशव्या दिसतात त्या दूरच्या डेअऱ्यांच्या, रात्रभर गाडीतून आलेल्या. ज्या गावातून साठ वर्षांपूर्वी तूप बाहेर जात होतं त्या गावात आता दूध ट्रकने येतं. गवळ्याचा रतीब अजून आहे, पण तो गावठाणातल्या ठरलेल्या घरांपुरता, आणि म्हशीचं दाट दूध हवं असा हट्ट धरणाऱ्यांसाठी.

पिशवी घेणाऱ्याला पिशवीचा रंग कळतो. त्यातले आकडे बहुतेकांना कळत नाहीत. टोन्ड दुधात 3 टक्के फॅट, स्टँडर्डाइज्डमध्ये 4.5, फुल क्रीममध्ये 6, डबल टोन्डमध्ये 1.5. टपरीवाला मात्र हे पक्कं ओळखतो. चहाला रंग यावा आणि पाणी जास्त खपावं म्हणून तो जास्त फॅटची पिशवी घेतो. घरातली बाई पाच-सहा रुपये वाचवायला टोन्ड घेते आणि साय येत नाही म्हणून तक्रार करते. साय न आल्यामुळे लोणी नाही, लोणी नाही म्हणून तूप विकतचं, आणि घुसळण बंद झाल्याने ताकही विकतचं. उन्हाळ्यात दहा रुपयांची मसाला ताकाची पिशवी बसस्थानकाबाहेर भरपूर खपते.

फ्रिजने आणखी एक बदल केला. 2005 ते 2010 च्या आसपास महाराष्ट्राच्या खेड्यांत रोज बारा-बारा तास वीज जात होती. तेव्हा दुकानदार जेवढं सकाळी खपेल तेवढंच दूध घेई. वीज जरा बरी झाली, दुकानात काचेचा कूलर आला आणि त्याच्यात दह्याचे कप, श्रीखंड, लस्सी, बटर, चीजचे तुकडे येऊन बसले. ‘दुधाचे पदार्थ’ म्हणजे काय याची इथली व्याख्या त्या कूलरने बदलली. पूर्वी ती घरातल्या शिंकाळ्यावर ठरत होती.

पंगतीतलं पनीर

सगळ्यात मोठा बदल पाहायचा तर लग्नात जावं. मराठवाड्याच्या लग्नाचं जेवण साधं असे: वरण-भात, पोळी, वांग्याची किंवा बटाट्याची भाजी, बुंदी किंवा शिरा. दुधाचा संबंध असलाच तर मठ्ठ्यापुरता. आज केटररच्या यादीत पनीर नसेल तर वधूपिता ओशाळा होतो. एका अर्थी ही गोष्ट विचित्र आहे, कारण मराठी स्वयंपाकात दूध मुद्दाम फाडायची पद्धतच नव्हती. नासलेल्या दुधात साखर घालून ते आटवून टाकत; ती बाईच्या हातून झालेल्या चुकीची सारवासारव असे. पंजाबी ढाब्यांनी, शहरातल्या हॉटेलांनी आणि टीव्हीने पनीरला शाकाहाराचं मानाचं पान दिलं. मांस न खाणाऱ्या पाहुण्यांपुढे काय ठेवायचं, या प्रश्नाला केटररला एक तयार उत्तर मिळालं.

म्हशीच्या पाच लिटर दुधाचं साधारण किलोभर पनीर होतं. दुधाचा भाव धरून हिशेब केला की बाजारात मिळणारं काही पनीर त्या किमतीत बनणं शक्यच नाही, हे कोणालाही कळतं. मार्च 2025 मध्ये आमदार विक्रम पाचपुते यांनी विधानसभेत बनावट पनीरचा मुद्दा उपस्थित केला आणि नमुनाही दाखवला. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी पामतेल आणि स्टार्च वापरून केलेल्या पदार्थाला ‘अ‍ॅनालॉग’ म्हणतात. तो तसं लिहून विकणं कायदेशीर आहे. पंगतीत वाढताना पाटी लावत नाहीत, एवढंच.

ही युक्ती जुनी आहे. 1937 मध्ये ‘डालडा’ आला आणि तुपासारखं दिसणारं वनस्पती तेल घराघरांत शिरलं. मग गाडीवरच्या ‘आइस्क्रीम’मध्ये दुधाची चरबी कमी आणि पामतेल जास्त झालं, त्याला ‘फ्रोझन डेझर्ट’ म्हणावं लागतं. आपल्या जाहिरातीत हा फरक ठळकपणे सांगितला म्हणून 2017 मध्ये अमूलला मुंबई उच्च न्यायालयात हिंदुस्थान युनिलिव्हरकडून हार पत्करावी लागली. दुधाची मागणी वाढली की दुधासारखं दिसणाऱ्या गोष्टींचीही वाढते. उपलब्धतेच्या सरकारी आकड्यात ती दिसत नाही, ताटात दिसते.

सप्टेंबर 2025 मध्ये पाकिटातल्या पनीरवरचा जीएसटी शून्य झाला, तुपावरचा 12 वरून 5 वर आणि आइस्क्रीमवरचा 18 वरून 5 वर आला. पुढच्या लग्नसराईत पाकिटातलं खरं पनीर खोट्याच्या भावाशी किती झुंजेल, हे केटररच्या बिलांतून कळेल.

वसुबारस

दिवाळीची सुरुवात होते ती वसुबारसेला. सवत्स धेनूची पूजा होते, आणि उपास करणाऱ्या बाया त्या दिवशी गायीचं दूध, दही, तूप खात नाहीत. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी चालते. वासराच्या वाट्याचं आज घ्यायचं नाही, असा तो साधा हिशेब आहे. मंठ्याच्या नव्या वसाहतींत गाय शोधावी लागते. काही घरांत मातीची गाय-वासरं पाटावर मांडतात. काही जणी गल्लीच्या टोकाला ज्याच्याकडे गाय आहे त्याच्या दारी ताट घेऊन रांगेत उभ्या राहतात, आणि त्या घरच्या बाईला सकाळपासून गोठ्यातलं दुसरं काम सुचत नाही.

गोठ्याचा हिशेब

म्हणजे इथे दूध होतच नाही असं नाही. विहीर बरी असलेल्या, नदीकाठच्या गावांत दोन-चार संकरित गाई किंवा एक-दोन म्हशी ठेवणारी घरं आहेत. 2016 पासून राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने मदर डेअरीमार्फत विदर्भ-मराठवाडा प्रकल्प सुरू केला. पहिल्या टप्प्यातल्या 11 जिल्ह्यांत जालना होता. 2024 मध्ये दुसरा टप्पा 19 जिल्ह्यांसाठी जाहीर झाला. संकलन केंद्रावर यंत्र काही सेकंदांत फॅट आणि एसएनएफ (फॅटखेरीजचा घन भाग) दाखवतं आणि पावती छापतं. पूर्वी गवळी दुधात बोट बुडवून भाव ठरवायचा; त्यापेक्षा हे निश्चित बरं. जवळ बल्क कूलर असला की दूध 4 अंशांवर जातं आणि टँकरची वाट पाहू शकतं. नसला तर उन्हाळ्यात संध्याकाळचं दूध नाकारलं जाण्याची भीती.

भाव मात्र वर-खाली होत राहतो. भुकटीचा जागतिक बाजार पडला की महाराष्ट्रात गायीच्या दुधाचा भाव पडतो; 2018 च्या जुलैमध्ये शेतकरी नेते राजू शेट्टींच्या संघटनेने मुंबईचं दूध रोखलं ते यामुळेच. 2024 मध्ये राज्याने गायीच्या दुधाला लिटरमागे 5 रुपये अनुदान दिलं, मग 7 केलं. त्यासाठी जनावराच्या कानात बिल्ला हवा होता, त्याची संगणकात नोंद हवी होती, खातं आधारशी जोडलेलं हवं होतं आणि दूध डेअरीला घातलेलं हवं होतं. म्हशीच्या दुधाला अनुदान नव्हतं. घरोघर रतीब घालणाऱ्यालाही नव्हतं. म्हणजे मंठ्यात ज्या वाटेने अजून गावचं दूध गावातच जातं, ती वाट अनुदानाच्या बाहेर राहिली.

म्हैस पाळणाऱ्याचा हिशेब तोंडपाठ असतो. ढेपेचं पोतं, कडब्याची पेंढी, गाभण राहीपर्यंतचे भाकड महिने, रेडा झाला तर त्याचं काय करायचं, आणि दिवसातून दोनदा धार काढायला घरात माणूस. यातला शेवटचा मुद्दा सगळ्यात अवघड, कारण मुलगा छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्याला कंपनीत असतो आणि सुनेला शेणाचा कंटाळा, जो रास्त आहे. सोयाबीनला शंभर दिवस द्यावे लागतात. म्हशीला वर्षाचे सगळे. गावात ज्याने यंदा म्हैस विकली, तो दुसऱ्या दिवसापासून दुकानातून पिशवी घेतो. ज्याने ठेवली आहे तोही सकाळचं सगळं दूध केंद्रावर घालून, पैसे मिळतात म्हणून, घरच्या चहापुरती अर्ध्या लिटरची टोन्डची पिशवी घेऊन येतो. दोन्ही दरांतला फरक त्याला लिटरमागे किती पडतो ते त्याला विचारलं तर तो लगेच सांगतो, आणि हेही सांगतो की म्हशीचं दूध चहात घालणं त्याला परवडत नाही.